लग्न कुठं करायचं, आणि ते चालणार कुठं?

आई शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर जर्मनचं पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तक उघडं होतं, एवढंच. शेंगेची शीर ओढता ओढता तिनं विचारलं, "तिकडं लग्न केलंस तर ते हिकडं चालतंय का गं?"

मी एका सीएच्या ऑफिसात लोकांची विवरणपत्रं भरते. वकील नाही. पण वर्षभरात जेवढ्या वकिलांशी आणि एजंटांशी बोलले, त्यातल्या एकानंही प्रश्न इतका नेमका धरला नव्हता. सगळे विचारायचे, लग्न कुठं करणार? आई विचारत होती, चालणार कुठं? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर आधी काढायचं असतं, हे कळायला आम्हा दोघींना बरेच महिने लागले. ज्यांच्यावर हीच वेळ येईल त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आम्ही दोघी म्हणजे एक जोडपं: मी कोल्हापूरची आणि ती गडहिंग्लजकडची. ती नर्स. सहा वर्षं कोल्हापुरातच, राजारामपुरीत, एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहिलो. गेल्या वर्षी ती स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात नोकरीला गेली. आपल्या राज्य सरकारनं त्याच भागाशी, म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी, कुशल कामगार पाठवण्याचा करार केलाय, त्यामुळे आता कोल्हापुरात गल्लोगल्ली कुणी ना कुणी 'डेर, डी, डास' घोकताना दिसतं. बायको म्हणून मला तिच्याकडं जायचं असेल तर जर्मनीला विवाहाचा दाखला लागतो. आणि तो आपल्याकडं मिळत नाही.

का मिळत नाही, ते आधी.

धर्म-जात न बघता नोंदणी पद्धतीनं लग्न लावणारा आपला कायदा म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. कलम ४ मध्ये वयाची अट आहे: पुरुषाला २१ पूर्ण, स्त्रीला १८ पूर्ण. म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री हे गृहीतच धरलेलं आहे. या शब्दांचा अर्थ 'कोणत्याही दोन व्यक्ती' असा लावावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल दिला. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा नव्यानं लिहिणं हे संसदेचं काम, यावर पाचही जणांचं एकमत झालं. लग्न नाही तर निदान 'नागरी सहजीवन' म्हणून या नात्याला सरकारनं मान्यता द्यावी का, यावर मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली, आणि बहुमत 'नाही' म्हणालं. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या.

आमच्या ओळखीतले एक काका मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, हितंच टाका की केस!" बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक असतो, राज्यघटनेचं कलम १४१ तेच म्हणतं. बेंच घराजवळ आलं म्हणून कायदा बदलत नाही.

दुसरं वाक्य हमखास ऐकू येतं ते 'शाहूंच्या नगरीत असं कसं?' हे. मला या वाक्याचा थोडा राग येतो, कारण ते म्हणणारा पुढं काहीच करत नाही. तरी त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, आंतरजातीय लग्नांना कायद्याचा आधार दिला, आणि स्वतःच्या चुलत बहिणीचं लग्न इंदूरच्या होळकरांकडं ठरवलं. हे करता आलं कारण संस्थानाचा कायदा संस्थानात होत होता. म्हणजे लग्नाचा कायदा हद्दीनुसार बदलतो, हे कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आज विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. कायदा संसदही करू शकते आणि विधानसभाही, फक्त केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली तर विधानसभेला राष्ट्रपतींची संमती लागते. तूर्तास दोन्हीकडं हालचाल नाही.

एक अपवाद सांगून ठेवते, कारण तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जोडप्यातली एक व्यक्ती ट्रान्सजेंडर असेल आणि दोघांचं नातं स्त्री-पुरुष असंच असेल, तर आहे त्याच कायद्यांखाली भारतात लग्न करता येतं. २०२३ च्या निकालातच हे स्पष्ट म्हटलंय. अशा जोडप्यानं पुढचं वाचून विमानाचं तिकीट काढू नये.

आणि हो, हार घालायला बंदी नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग २०१८ मध्ये रद्द झाल्यापासून दोघींनी घरात अक्षता टाकून घेतल्या, पंगत बसवली, तर तो गुन्हा नव्हे. फक्त त्याचा कागद होत नाही.

पात्रता आणि रीत

आता आईच्या प्रश्नाकडं. एका देशातलं लग्न दुसऱ्या देशात चालतं का, हे बघताना देश दोन गोष्टी तपासतात. पहिली, लग्नाची रीत: अधिकारी कोण, साक्षीदार किती, नोटीस दिली का, नोंद झाली का. ही बहुतेक सगळीकडं लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्यानं बघतात. दुसरी, लग्नाची पात्रता: या दोन माणसांना एकमेकांशी लग्न करता येतं का. इथं देशांचे दोन तट पडतात. काही देश म्हणतात, लग्न लागलं तिथं ते वैध होतं ना, मग आम्हालाही चालतं. काही म्हणतात, तुमच्या मायदेशाचा कायदा काय म्हणतो ते आधी बघू.

कोल्हापूरकराला हे गाडीच्या उदाहरणानं पटकन कळेल. एमएच ०९ ची गाडी कागल ओलांडून निपाणीला जाते तेव्हा कर्नाटकचा पोलीस ती परत पास करून आणा म्हणत नाही. आरसी बुक बघतो आणि सोडतो, कारण दोन्ही राज्यांवर एकच मोटार कायदा आहे. देशादेशांत लग्नाचा असा एक कायदा नाही. प्रत्येक नाक्यावर पोलीस वेगळा, नियम वेगळा.

अमेरिकेचं इमिग्रेशन खातं साधारण पहिल्या तटातलं. लग्न लागलं तिथं वैध असेल तर त्यांना चालतं, आणि २०१३ पासून समलिंगी जोडप्यांनाही तोच नियम आहे. त्यामुळे एखादी भारतीय मुलगी तिथं एच-१बी वर असेल आणि तिनं कुठंही वैध लग्न केलं असेल, तर तिच्या बायकोला एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मागता येतो. 'कुठंही वैध' यात भारत बसत नाही, एवढीच गोम.

जर्मनीचं प्रकरण मला फार आवडलं. नेहमीच्या लग्नात जर्मन कायदा पात्रता मायदेशाच्या कायद्यावरून ठरवतो. तसंच आमच्या बाबतीत केलं असतं तर भारतीय कायदा आडवा आला असता आणि विषय संपला असता. पण समलिंगी लग्नांसाठी त्यांनी वेगळं कलम ठेवलंय: ज्या देशात नोंद झाली, त्या देशाचा कायदा बघायचा. म्हणजे लग्न डेन्मार्कात नोंदलं तर जर्मनी डेन्मार्कचा कायदा बघणार, गडहिंग्लजचा नाही. हे समजलं त्या रात्री मी तिला फोन करून उठवलं. ती नाइट ड्यूटी करून नुकतीच आडवी झाली होती. ती काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

आणि भारत? भारतीयांनी परदेशात केलेल्या लग्नांसाठी आपल्याकडं १९६९ चा विदेशी विवाह कायदा आहे, त्यातही 'वर' आणि 'वधू' हेच शब्द. अमेरिकेत लग्न केलेल्या एका भारतीय जोडप्याला आपल्या वाणिज्य दूतावासानं नोंदणी नाकारली, तेही प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२३ च्या निकालानं त्यालाही दार बंद झालं. तेव्हा आईला सरळ उत्तर दिलं: "न्हाई आई, हिकडं चालत नाही." तिनं पुढची शेंग घेतली.

म्हणून क्रम असा लावायचा. दाखला कुठं वापरायचाय ते आधी ठरवा: जर्मनीत, कॅनडात, की फक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी. मग तो देश कुठला दाखला मानतो ते बघा. मग त्यातला कुठला देश तुमच्या पासपोर्टला दार उघडतो ते. सगळ्यात शेवटी खर्च आणि निसर्गसौंदर्य. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. पहिल्या महिन्यात समुद्रकिनारे बघत बसलो.

आधी हेही तपासा की लग्नच करायला हवंय का. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड लग्नाशिवायचं पण खरंखुरं, टिकाऊ सहजीवन व्हिसासाठी धरतात. कॅनडात किमान वर्षभर एकत्र राहिलेलं जोडपं 'कॉमन-लॉ पार्टनर' ठरतं, आणि ज्यांना लग्नही करता आलं नाही नि एकत्रही राहता आलं नाही अशांसाठी एक वेगळा प्रकार आहे. तिथं जायचं असेल तर लग्नासाठी तिसऱ्या देशात धावायची गरज नसेलही. जर्मनी मात्र दाखला मागतेच.

कुठला देश दार उघडतो

समलिंगी लग्नाला मान्यता देणारा पहिला देश नेदरलँड्स, १ एप्रिल २००१. आज असे देश पस्तीसच्या पुढं आहेत. पण यादी लांब दिसली म्हणून फसायचं नाही. बऱ्याच देशांत जोडप्यातलं निदान एक जण तिथलं नागरिक किंवा रहिवासी लागतं, खुद्द नेदरलँड्समध्येही. पाहुण्यांचं लग्न लावून देणारे देश त्यातले थोडे.

नेपाळ मनाला सगळ्यात जवळचा वाटला. व्हिसा नाही, जेवण ओळखीचं, खर्च कमी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यात पहिली नोंद झाली. अडचण अशी की ही नोंद तात्पुरत्या वहीत होते. कायमचा कायदा झालेला नाही. तिथल्याच जोडप्यांना ती वही मोठा आधार आहे. पण परक्या देशाच्या व्हिसा अधिकाऱ्यापुढं 'तात्पुरती' हा शब्द असलेला कागद ठेवायची माझी छाती नाही.

थायलंडचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पती-पत्नी हे शब्द काढून त्यांनी 'जोडीदार' घातला. परदेशी जोडप्यांनाही जिल्हा कार्यालयात नोंदणी करता येते आणि विमानभाडं युरोपच्या मानानं बरंच कमी. पण ते तुमच्या देशाच्या वकिलातीचा कागद मागतात: ही व्यक्ती लग्नाला मोकळी आहे. आता बघा, जो देश हे लग्न मानतच नाही त्याच्याच वकिलातीत जाऊन 'आमच्या लग्नाला हरकत नाही' असं लिहून मागायचं. थायलंडचा विचार असेल तर तिकिटाआधी वकिलातीला लेखी विचारा. एजंटाच्या 'होतंय हो मॅडम' वर जाऊ नका.

कागदांच्या दृष्टीनं सगळ्यात सोपं न्यूयॉर्क. शहराच्या कार्यालयात ३५ डॉलर भरून परवाना घ्यायचा, २४ तास थांबायचं, साठ दिवसांच्या आत लग्न लावायचं. रहिवासाची अट नाही. लास वेगासमध्ये तर ते २४ तासही थांबावं लागत नाही. फक्त त्याआधी अमेरिकेचा व्हिसा मिळायला हवा, आणि तिथं 'तू परत जाशीलच कशावरून?' हा प्रश्न अविवाहित, भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला जरा जास्तच टोचतो.

ऑस्ट्रेलियात लग्नाची नोटीस किमान एक महिना आधी द्यावी लागते. न्यूझीलंडचा परवाना तीन महिने चालतो. दोन्हीकडं रहिवासाची अट नाही. लांब मात्र आहेत.

मग यूटा. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण एजंट लोक हेच सगळ्यात जास्त विकतात. अमेरिकेच्या यूटा राज्यातली एक काउंटी व्हिडिओ कॉलवर लग्न लावते. तुम्ही राजारामपुरीत सोफ्यावर, अधिकारी तिकडं अमेरिकेत, दाखला ईमेलवर. ना व्हिसा, ना विमान. आम्ही जवळजवळ पैसे भरलेच होते. तेवढ्यात तिच्या हॉस्पिटलातल्या एका सहकारी बाईनं सांगितलं, जर्मनीत हे चालत नाही. शोधलं तर खरंच: जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०२४ मध्ये असंच लग्न अवैध ठरवलं होतं. ते जोडपं जर्मनीत बसून यूटाच्या अधिकाऱ्यासमोर 'हो' म्हणालं होतं. न्यायालयाचं म्हणणं, लग्न तिथं लागतं जिथं ती दोघं 'हो' म्हणतात. अधिकारी कुठं बसलाय त्याला अर्थ नाही. हाच न्याय आम्हाला लावला तर आमचं लग्न यूटात नव्हे, निम्मं तिच्याकडं आणि निम्मं राजारामपुरीत लागलं असतं. आणि राजारामपुरीत ते लागतच नाही. काही देश यूटाचा दाखला मानतात, इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं मानलाय. पण जिथं वापरायचाय तिथं मानतात का, हे न बघता घेतलेला तो कागद म्हणजे फ्रेममध्ये लावायचा फोटो.

राहिलं डेन्मार्क, आणि आम्ही तेच ठरवलं. तिथं नागरिकत्वाची, रहिवासाची अट नाही. फक्त देशात कायदेशीररीत्या आलेलं असावं लागतं. आधी त्यांच्या कुटुंब कायदा खात्याकडं ऑनलाइन अर्ज करायचा. नातं खरं आहे, दिखाऊ नाही, अशी त्यांची खात्री पटली की ते एक प्रमाणपत्र देतात, आणि ते दाखवून कुठल्याही नगरपालिकेत लग्न लावता येतं. जर्मनीतली कितीतरी परदेशी जोडपी, स्त्री-पुरुषसुद्धा, याच वाटेनं जातात, कारण जर्मनीतच लग्न करायचं तर कागदांचा डोंगर उभा राहतो. सीमेलगतचं ट्यूनर हे छोटं गाव यासाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडं पळून जाऊन लग्न करणारे आळंदी गाठतात ना, तसं.

कागदांचा आणखी एक पेच. भारत २००५ पासून ॲपोस्टिल करारात आहे: आपल्या दाखल्यावर राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसला की करारातले देश तो मानतात. पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत या व्यवस्थेला हरकत घेतलेली आहे. त्यामुळे भारतीय दाखल्यांची गरज पडली की जर्मन अधिकारी ते स्वतंत्रपणे तपासून घेऊ शकतात, आणि त्यात महिने जातात. डेन्मार्कचा विवाहाचा दाखला युरोपातलाच, जर्मन भाषेतही मिळणारा. तोही एक फायदा.

पुराव्याचं बाड

नातं खरं असल्याचा पुरावा द्या, असं अर्जात वाचलं आणि मी हसले. नंतर रात्रभर झोप लागली नाही.

सहा वर्षं आम्ही नेमकं उलटं काम केलं होतं. भाडेकराराच्या वेळी घरमालकीण काकूंना 'मैत्रिणी' म्हणून सांगितलं. पन्हाळ्याला गेलो तर फोटोत ती वेगळी, मी वेगळी. दोघींचा एकत्र असेल तर शेजारी माझी मामेबहीण उभी केलेली. वाढदिवसाच्या केकवर नाव नाही. व्हॉट्सॲपवर सात दिवसांत मेसेज आपोआप पुसले जातील अशी सोय केलेली, कारण तिचा भाऊ कधीही फोन हातात घ्यायचा. पुरावा राहू नये म्हणून जे जे सुचलं ते सगळं केलं, आणि आता तिकडं डेन्मार्कात दुर्बीण लावून बसलेली कुणी बाई म्हणते, दाखवा.

मग एका रविवारी मी घरातले सगळे ड्रॉवर उपसले. सापडलं ते असं: दोघींच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार, दोनदा नूतनीकरण केलेला. फ्रीजची पावती, तिच्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून. तिला डेंग्यू झाला तेव्हाचा दवाखान्याचा फॉर्म. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी 'बहीण' लिहिलेलं. तो फॉर्म बराच वेळ हातात धरून बसले. पुरावा म्हणून चालणारा नव्हता, उलट खोटं बोलल्याचाच पुरावा. आणि शेवटी एक फोटो: रंकाळ्यावर, संध्याकाळचा, भेळवाल्या मामांनी काढलेला. दोघींच्या हातात एकच कागदी पुडा, आणि आम्ही कॅमेऱ्याकडं बघत नव्हतो. अर्जात पहिला तोच जोडणार आहे.

यावरून ज्यांना पुढं कधी हे करायचंय त्यांना एकच सांगते: आजपासून कागद जपा. भाडेकरार दोघांच्या नावानं करा, तिकिटं एकत्र काढा, फोटो डिलीट करू नका. कुणा विश्वासू माणसाच्या ईमेलवर टाकून ठेवा.

लग्नानंतर लगेच जर्मनीत राहायला जाता येईल, असंही नाही. मी अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर जाणार. लग्न झालं की साधारणपणे परत कोल्हापूरला यायचं आणि जोडीदाराचा दीर्घ मुदतीचा व्हिसा इथून मागायचा. म्हणजे विमानाचा खर्च दोनदा. तिच्या जर्मनीतल्या रहिवास परवान्याचा प्रकार कुठला, त्यावर मला जर्मनची ए१ परीक्षा लागते की सूट मिळते हे ठरतं. मी मात्र पुस्तक उघडंच ठेवलंय.

मोडलं तर?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारलं. भारत जे लग्न मानत नाही, ते भारतातलं कुटुंब न्यायालय मोडूनही देत नाही. आणि लग्न जिथं लावलं तिथं घटस्फोट मागायला गेलात तर तिथं राहत असल्याची अट बरेचदा आडवी येते. कॅनडात हा गुंता इतका वाढला की २०१३ मध्ये त्यांनी कायदा दुरुस्त केला: कॅनडात लग्न केलेल्या, पण ज्यांचा देश ते लग्न मानत नाही अशा परदेशी जोडप्याला, एक वर्ष विभक्त राहिल्यावर तिथं घटस्फोट मागता येतो. जर्मनीत राहणाऱ्यांना तिथलं न्यायालय आहे. पण लग्न करून दोघंही कोल्हापुरात परतणार असतील, तर हा विचार आधीच करून ठेवावा.

याचीच दुसरी बाजू जास्त धोक्याची. घरच्यांच्या दबावाखाली पुढं कुणी इथं 'रीतसर' लग्न लावून दिलं, तर भारताच्या नोंदीत ते पहिलंच लग्न. पण डेन्मार्क, जर्मनी, कॅनडा यांच्या नोंदीत तुम्ही आधीच विवाहित आहात. एकदा लग्न केलं की त्या देशांच्या फॉर्मवर 'अविवाहित' लिहिणं म्हणजे खोटी माहिती.

कोल्हापुरात काय चालतं

डेन्मार्कचा दाखला इथं चालत नसला तरी इथलं आयुष्य चालवावं लागतंच. आईवडील इथं, माझ्या नावावरचा छोटा प्लॉट इथं, पीएफ इथं. हे काम रोजच्या धंद्यातलं असल्यामुळे मी ते आधीच उरकून घेतलं.

मृत्युपत्र सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं अविवाहित, मूलबाळ नसलेल्या बाईची मालमत्ता आईवडिलांकडं जाते. जोडीदाराचा कुठं उल्लेखच नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. तरी आम्ही दुय्यम निबंधकाकडं नोंदलं, कारण भांडायला येणारा नातेवाईक आधी 'हे खरं कशावरून' हेच म्हणतो. साक्षीदार जरा तरुण घ्या. मृत्युपत्र उघडायच्या वेळी ते हयात असावेत.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे ऑफिसात मी दिवसातून चारदा सांगते. बँकेचा नॉमिनी पैसे हातात घेतो. ते कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. म्हणून दोन्ही करायचं. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी स्पष्ट केलंय. शाखेत कुणी भुवया उंचावल्या तर त्या पत्राची प्रिंट पुढं करा. रेशनकार्डावरही अशा जोडीदाराला एकाच घरातलं मानावं, असं केंद्रानं राज्यांना कळवलंय. आयुर्विम्यात मात्र कायद्यानं आईवडील, पती-पत्नी आणि मुलं यांनाच 'लाभार्थी नॉमिनी' म्हणून पक्का हक्क मिळतो. पीएफमध्ये तर कायद्याच्या व्याख्येतलं कुटुंब असेल, उदाहरणार्थ तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील, तर बाहेरच्या माणसाचं नाव टिकतच नाही. तिथं माझ्या आईचंच नाव आहे आणि काय करायचं ते आईला माहीत आहे.

आयकर: नवरा-बायकोनं एकमेकांना कितीही भेट दिली तरी कर नाही. आम्ही कायद्यानं परक्या, म्हणून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेलं की घेणारीच्या उत्पन्नात धरायचं. एका जोडप्यानं या भेदाला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. तोवर मी फ्रीजचे पैसे 'उसने' म्हणून लिहिते.

दवाखान्यासाठी दोन कागद केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणून कुणाही सज्ञान माणसाला नेमता येतं, नातं लागत नाही. आणि जीवनेच्छापत्र, म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा उपचारांचं कुणी ठरवायचं ते. त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. पुढच्या डेंग्यूला 'बहीण' लिहावं लागू नये म्हणून.

आता अर्ज तेवढा राहिलाय. तयार आहे, फक्त पाठवलेला नाही, आणि त्याचं कारण कायदा नव्हे, आई. परवा जेवताना मी सहज म्हणाले की डेन्मार्कचं ते प्रमाणपत्र चार महिनेच चालतं, त्या मुदतीत लग्न उरकावं लागतं. ती उठली, भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं, चष्मा लावला. आषाढी एकादशीवर बोट ठेवलं, पानं उलटत कार्तिकी एकादशीवर आली.

"आत्ता अर्ज टाकलास तर सगळा चातुर्मासच जातोय की त्यात," ती म्हणाली. "आधी तुळशीचं होऊ दे. मग तुमचं."